तलवार गिळणारा आणि पोटातली दुर्बीण

‘पोटात दुर्बीण घालून बघू,’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा या दुर्बिणीच्या इतिहासात एक तलवार गिळणारा खेळकरी आहे, हे आपल्या गावीही नसते. १८६८ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे अडॉल्फ कुसमाउल यांनी अशा खेळकऱ्याच्या घशातून एक ताठ नळी जठरापर्यंत उतरवली. वाट सापडली, पण उजेड अपुरा पडला.

त्यामुळे निदान बरेचसे हाताला लागणाऱ्या गाठीवरच अवलंबून राहिले, आणि तोवर रोग बळावलेला असे. पॅरिसचे पेआँ यांनी १८७९ मध्ये आणि पोलिश शल्यविशारद रिडिगिएर यांनी १८८० मध्ये जठराचा रोगट भाग कापून पाहिला. दोन्ही रुग्ण दगावले. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या एका बाईंच्या जठराचा खालचा भाग काढून उरलेला भाग लहान आतड्याला जोडला. हे आंधळे धाडस नव्हते. त्यांच्या सहायकांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. बाई शस्त्रक्रियेतून उठल्या, पण सुमारे चार महिन्यांनी कर्करोगानेच गेल्या. टाके टिकले होते. रोग आधीच पुढे गेला होता.

अन्ननलिकेचे दुखणे आणखी अवघड. छाती उघडताच फुप्फुस आकसते. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला फ्रान्झ टोरेक यांनी श्वासनलिकेतून हवा देत छातीतली रोगट अन्ननलिका काढली. मग मानेवरच्या छिद्रापासून पोटावरच्या छिद्रापर्यंत शरीराबाहेरून रबरी नळी जोडली. त्या नळीतून अन्न घेत त्या वृद्धा १० वर्षांहून अधिक जगल्या.

राहिला प्रश्न नजरेचा. १९५० मध्ये जपानमध्ये जठरात उतरणारा छोटा कॅमेरा तयार झाला. १९५७ मध्ये अमेरिकेत बॅझिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण प्रथम स्वतःच गिळून पाहिली. १९६२ मध्ये जपानी तज्ज्ञांनी ‘प्रारंभिक जठर-कर्करोगा’ची व्याख्या ठरवली : जठराच्या आतल्या दोन थरांपुरताच असलेला रोग. अशा अवस्थेत सापडलेला रोग बहुधा बरा होतो.

बिलरोथ यांचा हात कमी पडला नाही, वेळ कमी पडला. आज दुर्बीण तालुक्याच्या गावापर्यंत आली आहे. तरी घास अडकू लागला, वजन उतरू लागले, तरी ‘पित्त असेल’ म्हणून महिनोन्महिने सोडा पिणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्यापुरते आपण अजून १८८१ सालीच आहोत.