परग्रहवासीयांचा स्वभाव : रक्तातला की संस्कारातला?

विज्ञानकथांमधले परग्रहवासी बहुतेकदा एका शब्दात सांगता येतात. 'स्टार ट्रेक'मधले क्लिंगॉन लढवय्ये, व्हल्कन तर्कनिष्ठ, फेरेंगी लोभी व्यापारी. पृथ्वीवर एका तालुक्यातली माणसंही एकसारखी नसतात. तिथे मात्र अख्ख्या ग्रहाचा स्वभाव एकच. हा स्वभाव त्यांच्या शरीरातून येतो की वाढवण्यातून, हा प्रश्न चांगले लेखक टाळत नाहीत. त्यासाठी ते एक जुनी युक्ती वापरतात : एका जमातीचं मूल दुसऱ्या जमातीच्या घरात वाढवून पाहायचं.

निसर्गात हा प्रयोग रोज चालू असतो. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते आणि पिल्लू कावळा वाढवतो. संस्कृतात कोकिळेला 'परभृत', म्हणजे दुसऱ्याने पोसलेली, असं नावच आहे. तरीही त्या घरट्यातला नर मोठा झाल्यावर 'कुहू'च म्हणतो. ते गाणं त्याला कोणी शिकवलेलं नसतं. झीब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्याचं मात्र उलटं आहे. 1960च्या दशकात क्लाउस इमेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने झीब्रा फिंचची पिल्लं बंगाली फिंचच्या जोडप्यांकडे वाढवली, तर नर पिल्लं पालक बापाचं गाणं शिकली. दोन्ही पक्षीच, दोन्हीकडे विषय गाण्याचाच, पण उत्तरं दोन. त्यामुळे 'जन्म की संस्कार' या प्रश्नाला एकच सरसकट उत्तर नसतं. कोणता प्राणी आणि कोणता गुण, हे आधी विचारावं लागतं.

'स्टार ट्रेक'मधला वोर्फ हे या युक्तीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. आईवडील मारले गेल्यावर या क्लिंगॉन मुलाला रोझेंको नावाच्या माणसांच्या कुटुंबाने वाढवलं. क्लिंगॉन रीतिरिवाज त्याला बऱ्याच अंशी दुरून शिकावे लागले. त्यामुळे इतर क्लिंगॉन हसतात, पितात, गाणी म्हणतात आणि वोर्फ मात्र नियमांना घट्ट धरून गंभीर राहतो. परदेशात वाढलेली मुलं सणाचे विधी कधीकधी गावातल्यांपेक्षा काटेकोर पाळतात, तसंच काहीसं. त्याच्या संयमाचं कारणही मालिकेत पुढे कळतं. लहानपणी फुटबॉल खेळताना त्याची धडक बसून एक मुलगा दगावला होता. ताकद क्लिंगॉन शरीराची होती. ती आवरायची सवय मात्र नाजूक माणसांमध्ये राहून लागली.

व्हल्कन आणि रोम्युलन यांची जोडी याहून जास्त बोलकी आहे. दोघांचे पूर्वज एकच. सुमारे 2000 वर्षांपूर्वी व्हल्कनांनी भावना आवरण्याची शिस्त स्वीकारली. ज्यांना ती मान्य नव्हती, ते ग्रह सोडून गेले आणि त्यांचे वंशज रोम्युलन झाले. म्हणजे व्हल्कनांची तर्कनिष्ठा रक्तात नाही, ती लहानपणापासूनची तालीम आहे. शरीर मात्र पूर्ण गप्प बसत नाही. 1967च्या एका भागात स्पॉकला दर सात वर्षांनी येणारी विणीची ओढ लागते आणि सगळी शिस्त कोलमडते.

विरुद्ध बाजूही याच विश्वात आहे. 1994च्या एका भागात ओडो हा अधिकारी जेम'हडार जमातीच्या एका बालकाला हिंसेपासून दूर वाढवू पाहतो. त्याला यश येत नाही. मुलगा आपल्या लोकांकडेच जायचं ठरवतो. इथे जीवशास्त्र जिंकलं असं वाटतं, पण जेम'हडार निसर्गात घडलेलेच नाहीत. त्यांना लढण्यासाठी आणि एका औषधावर अवलंबून राहण्यासाठी मुद्दाम तयार केलेलं आहे. त्यांचं रक्त हे कोणाचं तरी धोरण आहे.

अर्सुला ल ग्विन यांनी 1969च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीत हाच प्रश्न अधिक बारकाईने हाताळला. गेथेन ग्रहावरची माणसं महिन्यातले बरेच दिवस स्त्रीही नसतात, पुरुषही नसतात. तिथे युद्ध नाही. त्याचं कारण शरीररचना की जीवघेणी थंडी, हे लेखिका ठरवून टाकत नाही. शिवाय एकाच प्रकारच्या शरीरांच्या तिथल्या दोन शेजारी देशांत एकीकडे राजा आहे, तर दुसरीकडे नोकरशाही. हिंदी सिनेमा इतक्या खोलात गेला नाही. 'कोई... मिल गया'मधल्या जादूला सूर्यप्रकाशातून शक्ती मिळते. त्याच्या घरी काय शिकवतात, हे विचारायला कथेला सवड नाही.

'अख्खी जमात तशीच' ही कल्पना पुस्तकांपुरती राहिली असती तर फार बिघडलं नसतं. भारतात ती कायदा होती. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागचा युक्तिवाद असा होता : सुतारकी, विणकाम हे धंदे जसे जातीने चालत येतात, तसाच गुन्हाही काही जमातींत पिढ्यानपिढ्या चालतो. 1911च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी आणि तारेच्या कुंपणातल्या वसाहती तिच्यात होत्या. सोलापुरातला 'सेटलमेंट' हा भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. गंमत म्हणजे याच कायद्यात मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची तरतूद होती. गुन्हा रक्तातच असता, तर मुलं वेगळी वाढवून काय साधणार होतं? कायदा करणाऱ्यांनाच आपलं गृहीतक पुरतं पटलेलं नव्हतं.

कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण शिक्का इतक्या सहज पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला 1988चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोरी मुलांना कशी शिकवावी लागे, पोलिसांच्या मारापुढे तोंड उघडू नये म्हणून घरातच आधी मार कसा दिला जाई, हे त्यात आहे. जे रक्तात असतं, त्याची एवढी तालीम घ्यावी लागत नाही.

'स्टार ट्रेक'मधल्या नॉग या फेरेंगी मुलाची गोष्टही शिक्क्याचीच आहे. 1995च्या एका भागात तो अंतराळदलाच्या प्रबोधिनीत जायला शिफारस मागतो, तेव्हा कमांडर सिस्कोला आधी त्यात काहीतरी डाव दिसतो. नॉग शेवटी खरं कारण सांगतो : वडिलांच्या हातात यंत्रांची जादू आहे, पण फेरेंगी म्हणून त्यांना व्यापारच करावा लागला आणि तो त्यांना कधी जमला नाही. सिस्को शिफारसपत्र देतो.