शंभर शेंगदाण्यांची पावती

लाचेची कधी पावती दिली जाते का? जपानमध्ये दिली होती. पावतीवर लिहिलं होतं ‘शेंगदाणे’. एक शेंगदाणा म्हणजे दहा लाख येन!

लॉकहीड ही अमेरिकेची विमान कंपनी. एका जपानी विमानसेवेने आपली ट्रायस्टार विमानं घ्यावीत, म्हणून तिने पंतप्रधान काकुएई तनाका यांच्यापर्यंत ५० कोटी येन पोचवले. फेब्रुवारी १९७६ मध्ये कंपनीचे मोठे अधिकारी कार्ल कोचियन यांनी अमेरिकेच्या सिनेट समितीपुढे लाचखोरीची कबुली दिली. तोवर पद सोडलेल्या तनाकांना जुलैमध्ये अटक झाली. १९८३ मध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, पण अपील चालू असतानाच १९९३ मध्ये ते वारले.

मला मात्र खरी गोष्ट कोचियन यांच्या बचावात दिसते. ते म्हणत, परदेशी नेत्याला पैसे देणं अमेरिकेच्या कायद्यात गुन्हा नव्हताच, आणि ऑर्डर गेली असती तर आमच्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. यातली कायद्याची बाजू खरी होती! तशी बंदी घालणारा कायदा अमेरिकेत आला डिसेंबर १९७७ मध्ये. व्यवसाय नीतिशास्त्राच्या वर्गात हे प्रकरण आजही चर्चेला येतं, ते याचसाठी. कायद्यात बसतं, म्हणजे योग्य असतं का?

माझं उत्तर त्या पावतीतच आहे. व्यवहार सरळ असता, तर येनला शेंगदाणे कशाला म्हणावं लागलं असतं? तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!