पाठलाग आणि भेट

सोनईकरांना शनीची ओळख करून देण्याचे कारण नाही. शिंगणापूर येथून जवळच आहे. परंतु त्याचे जुने नाव शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा, हे आपण विसरतो. आकाशाची एक फेरी पुरी करण्यास शनीला सुमारे २९।। वर्षे लागतात, गुरूला सुमारे १२. मग गुरू शनीला गाठतो तरी किती वर्षांनी?

याचा नियम आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच सांगून ठेवला. दोघे समोरासमोर येत असतील तर मधल्या अंतराला गतींच्या बेरजेने भागावे. एकाच दिशेने जात असतील तर वजाबाकीने. गुरू वर्षाला सुमारे ३० अंश चालतो, शनी १२. फरक १८ अंशांचा. ३६० ला १८ ने भागले की २० वर्षे. इ. स. २००० च्या मे महिन्यात या दोघांची युती झाली, पुढची २०२० च्या २१ डिसेंबरला. यातले मर्म एवढेच की, शनीला क्षणभर स्थिर मानायचे आणि गुरू त्याच्याकडे कोणत्या वेगाने येतो ते पाहायचे. नावेत बसलेल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, हा दृष्टांतही आर्यभटाचाच.

आता आपल्या सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या भास्कराचार्यांकडे वळू. त्यांची ‘लीलावती’ इ. स. ११५० ची. तीत एक गोड उदाहरण आहे. खांब ९ हात उंच. तळाशी सापाचे बीळ, माथ्यावर मोर. २७ हातांवरून साप बिळाकडे येताना पाहून मोर तिरपा झेपावला. दोघांची चाल सारखी धरली तर भेट कोठे? ९ चा वर्ग ८१. त्याला २७ ने भागून ३. २७ मधून ३ वजा करून उरलेल्या २४ चे निम्मे १२. बिळापासून १२ हातांवर साप सापडला. दोघेही १५ हात चालले.

येथे अभिमानाच्या भरात एक चूक होते. हे पाठलागाचे गणित नव्हे, वाट अडवण्याचे आहे. आणि ते भास्कराचार्यांपूर्वीचेही आहे. इ. स. ६२९ मध्ये पहिल्या भास्कराने ससाणा आणि उंदीर घेऊन तेच मांडले होते. खरा पाठलाग म्हणजे सापावर नजर रोखून क्षणोक्षणी तोंड वळवीत जाणे. ती वाट वाकडी होते. तिचे गणित फ्रान्सच्या बूगेरने १७३२ मध्ये, व्यापारी गलबतामागे लागलेल्या चाच्याचे उदाहरण घेऊन सोडवले. आपला मोर तसा धावता तर, चाल सारखी असल्यामुळे, साप त्याला कधीच सापडता ना!

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. त्या मठाची आठवण ठेवायची, तर आपल्या मुलांना बेरीज-वजाबाकीचे सूत्र पाठ करून देऊन भागणार नाही. साप आता कोठे आहे आणि भेटीच्या वेळी तो कोठे असेल, हे दोन निराळे प्रश्न आहेत, एवढे मुलाला उमगले की सूत्र त्याचे तो मांडील.