एका म्यानांत दोन तलवारी

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, असें आपण म्हणतों. संगणकाच्या बाबतींतही पुष्कळ काळ हीच समजूत होती. मेमरी, डिस्क, छपाईचें यंत्र या साऱ्यांची व्यवस्था पाहणारा जो मूळ प्रोग्रॅम, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण त्याला कारभारी म्हणूं. यंत्र सर्वस्वीं आपलेंच आहे, असें गृहीत धरून प्रत्येक कारभारी रचलेला असतो. आणि एकासाठीं लिहिलेले प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाताखालीं सहसा चालत नाहींत.

ही अडचण केवळ पंडितांची नव्हती. आय. बी. एम. कंपनीनें १९६४ सालीं ‘सिस्टिम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली. पुढें लहान यंत्रांसाठीं डॉस आणि मोठ्यांसाठीं ओ. एस. असे निरनिराळे कारभारी झाले. पेढीचा व्याप वाढून मोठें यंत्र आलें कीं, पगारपत्रकांचे आणि खातेवह्यांचे जुने प्रोग्रॅम नव्या कारभाऱ्यासाठीं पुन्हां जुळवून घ्यावे लागत. आणि तोंवर पगार कांहीं थांबवितां येत नाहीं!

या कोंडींतून वाट निघाली ती अमेरिकेंतील केंब्रिज शहरीं, आणि तीही आडवाटेनें. एकच संगणक अनेकांनीं एकाच वेळीं वापरावा, या मोठ्या प्रयोगासाठीं तेथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें १९६४ सालीं आय. बी. एम. ला डावलून जनरल इलेक्ट्रिकचें यंत्र निवडलें. त्याच इमारतींत आय. बी. एम. चें एक लहानसें केंद्र नुकतेंच निघालें होतें. तेथील रॉबर्ट क्रीसी आणि त्यांचे सहकारी यांनीं ठरविलें कीं, प्रत्येकाला यंत्राचा वाटा देण्याऐवजीं अख्खें यंत्रच दिल्याचा भास निर्माण करावा.

तो कसा? या यंत्रांत कांहीं आज्ञा राखीव असत. डिस्कवरून मजकूर आणण्याची आज्ञा त्यांपैकींच. ती देण्याचा अधिकार कारभाऱ्याचा. सामान्य प्रोग्रॅमनें ती दिली, तर यंत्र तेथेंच अडे आणि कारभाऱ्याला खबर देई. क्रीसींच्या मंडळींनीं कारभाऱ्यालाच सामान्य प्रोग्रॅमच्या जागीं बसविलें आणि वर एक वरिष्ठ नेमला. बिचारा कारभारी राखीव आज्ञा देतो, यंत्र अडतें, वरिष्ठ तें काम स्वतः करून देतो आणि त्याला पुढें चालूं देतो. आपल्या डोक्यावर कोणी आहे, याचा त्याला पत्ताही नसतो! मग असे दोन कारभारी कां नसावेत? जानेवारी १९६७ मध्यें कामाला लागलेल्या ‘सीपी ४०’ या रचनेंत एका यंत्रावर चौदा आभासी यंत्रें चालूं शकत.

कंपनीचा भरंवसा मात्र टी. एस. एस. नांवाच्या वेगळ्याच, अवाढव्य योजनेवर होता. ती रखडली. केंब्रिजची पुढची आवृत्ति ग्राहकांनीं आपण होऊन उचलली, आणि तिचा नवा अवतार ‘व्ही. एम. ३७०’ कंपनीनें २ ऑगस्ट १९७२ रोजीं जाहीर केला. आतां डॉस आणि ओ. एस. शेजारीं ठेवून एकेक प्रोग्रॅम सवडीनें हलवितां येऊं लागला.

घरगुती संगणकांना हें भाग्य उशिरां लाभलें. इंटेलच्या प्रोसेसरांत कांहीं आज्ञा अशा होत्या कीं, अनधिकाऱ्यानें दिल्या तरी यंत्र अडत नसे. मुकाट्यानें निराळेंच कांहीं करी. वरिष्ठाला खबरच नाहीं! व्हीएमवेअर कंपनीनें १९९९ सालीं यावर तोड काढली. कारभाऱ्याच्या आज्ञा चालण्यापूर्वींच वाचावयाच्या आणि घातक तेवढ्या बदलून टाकावयाच्या. विंडोज आणि लिनक्स एकाच मेजावर नांदूं लागले. इंटेलनें प्रोसेसरांतच ही सोय केली ती २००५ सालीं, म्हणजे केंब्रिजच्या त्या चौदा यंत्रांनंतर अडतीस वर्षांनीं.