हाफपाइप स्कीइंग : प्राथमिक शिक्षण

हाफपाइप स्कीइंग : बर्फाच्या उतारावर यंत्राने कोरलेल्या पन्हळीच्या आकाराच्या मार्गात एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जात खाली उतरण्याचा फ्रीस्टाइल स्कीइंगचा प्रकार. स्पर्धेच्या पाइपची भिंत २२ फूट (सु. ६.७ मी.) उंच आणि उतार सु. १७–१८ अंश असतो. सपाट तळ, तेथून वर वळत जाणारा वक्र भाग (ट्रान्झिशन), शेवटचा जवळजवळ उभा पट्टा, भिंतीचा काठ (लिप) आणि त्यापलीकडची सपाट जागा (डेक) हे त्याचे भाग. नवशिक्याने मात्र तीन-चार मीटर भिंतीच्या छोट्या पाइपपासूनच आरंभ करावा. वळणे आणि कडांवरचा ताबा पक्का नसेल, तर तोही लांबच ठेवलेला बरा.

आरंभी उडी मारायचीच नसते. तिरक्या रेषेत भिंतीवर चढायचे, वेग संपत आला की काठाच्या खालीच हलकी उसळी घेऊन स्की उताराकडे वळवायची आणि समोरच्या भिंतीकडे निघायचे. चढताना उताराच्या वरच्या बाजूची कड बर्फात रुतलेली हवी. ती सुटली की स्की घसरते आणि वेग जातो. वेग राखण्याची युक्ती गुडघ्यांत आहे. तळावर गुडघे वाकवायचे आणि वक्र भागात शरीर दाबाविरुद्ध ताठ करायचे. झोपाळ्यावर उभे राहून झोका चढवताना हेच करतात.

खरी अडचण भीतीची. उभ्या भिंतीवर शरीर बर्फाशी काटकोनात, म्हणजे जमिनीला जवळजवळ समांतर ठेवावे लागते आणि मन त्याला तयार होत नाही. घाबरून पाइपच्या आत झुकणारा स्कीपटू भिंतीपासून दूर फेकला जातो व सपाट तळावर आदळतो; काठावर फार लवकर सरळ उभा राहणारा डेकवर पडतो. भिंतीच्या वरच्या भागात उतरलेला मात्र सहज सरकत खाली येतो. सकाळी भिंती काचेसारख्या कडक असतात. वसंतातल्या दुपारी बर्फ मऊ झाल्यावर शिकणे सोपे जाते. हेल्मेट अनिवार्य समजावे. पुढचा स्कीपटू बाहेर पडेपर्यंत आत शिरू नये.

हा प्रकार ऑलिंपिकमध्ये २०१४ साली सोची येथे आला. त्यासाठी झटलेली कॅनडाची सारा बर्क जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतील पार्क सिटी येथे सरावात पडून मृत्युमुखी पडली. पहिले सुवर्णपदक विजेते अमेरिकेचे डेव्हिड वाइज व मॅडी बोमन. २०१८ मध्ये प्योंगचांगला हंगेरीतर्फे उतरलेली एलिझाबेथ स्वेनी जवळपास कसरतींविना खाली आली आणि २४ जणींत शेवटची ठरली. तिची जगभर टिंगल झाली, पण नवशिक्याने वाइजपेक्षा तिची फेरी पाहावी : चढणे, काठाशी वळणे आणि उतरणे त्यात सुटे सुटे दिसते.