गोणपाटाचे शहर : डंडीच्या गिरणी कामगार स्त्रिया

धान्याच्या पोत्यापासून पायपुसण्यापर्यंत आपल्या घरोघरी असलेल्या गोणपाटाचा इतिहास स्कॉटलंडमधील डंडी शहराशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात बंगालचा ताग जहाजांनी तेथे येई. कोरडा ताग यंत्रावर तुटतो. तो मऊ करण्यासाठी देवमाशाचे तेल वापरीत आणि देवमाशांची शिकार करणारी जहाजेही याच बंदरात होती. त्यातून डंडी तागाच्या धंद्याचे केंद्र बनले.

गिरण्यांतील सुमारे तीन चतुर्थांश कामगार स्त्रिया होत्या. कारण उघड होते : त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. मुलगे प्रौढांच्या मजुरीच्या वयात आले की त्यांना कामावरून कमी करीत. त्यामुळे अनेक घरांत बायको गिरणीत आणि नवरा चुलीपाशी, अशी स्थिती होती. अशा पुरुषांना लोक ‘किटली उकळणारे’ म्हणत. लहान मुले अर्धा वेळ गिरणीत, अर्धा वेळ शाळेत काढीत. यंत्रांच्या गदारोळात बोलणे ऐकू येत नसे. म्हणून स्त्रियांनी हातांच्या खुणांची आणि ओठ वाचण्याची भाषा घडविली.

तरीही या कष्टकरी स्त्रिया एकसंध नव्हत्या. विणकाम खात्यातील स्त्रिया टोपी व हातमोजे घालून कामावर जात. कताई खात्यातील स्त्रिया डोक्यावर शाल घेत. पहिल्या दुसऱ्यांना कमी लेखीत. येथे आपल्याला मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथील कापड गिरण्यांत विणताना धाग्याला तोंड लावावे लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला. दोन्हीकडे मजुरांत उतरंड होती. पण डंडीतील टोपी विकत घेता येत होती, मुंबईतील जात बदलता येत नव्हती. हा फरक विसरून केलेली तुलना अपुरी ठरेल.

१८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी सुरू झाली. डंडीचीच यंत्रे, डंडीचेच देखरेख करणारे हुगळीकाठी गेले आणि शतक संपण्यापूर्वीच कलकत्त्याने डंडीला मागे टाकले. डंडीच्या मजूर स्त्रीची मजुरी आता तिने कधीही न पाहिलेल्या, तिच्याहून कमी मजुरीवर राबणाऱ्या माणसाशी तोलली जाऊ लागली.

लॉकी भागातील कॅम्परडाउन ही प्रचंड गिरणी १९८१ मध्ये बंद झाली. पुढच्याच जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आज कॅम्परडाउनच्या आवारात घरे आहेत आणि तिचे उंच धुराडे अजून उभे आहे. ते मालकाच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या सावलीत ज्यांचे आयुष्य गेले, त्या बहुतेक स्त्रियांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. त्यांची आठवण ठेवणे, हे गिरणगावाच्या लेकरांना तरी परके वाटू नये.