तोरो

जपानमधील यायोई काळातील शेतकरी वसाहतीचे एक प्रसिद्ध पुरातत्त्वीय स्थळ. हे होन्शू बेटावरील शिझुओका शहराच्या दक्षिण भागात, आबे नदीच्या गाळाच्या मैदानात आहे. वसाहतीचा काळ सामान्यतः इ. स. पहिले शतक मानतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, युद्धसामग्रीच्या कारखान्यासाठी जमीन खोदताना येथे मृत्पात्रे व लाकडी वस्तू आढळल्या. विस्तृत उत्खनन १९४७–५० दरम्यान झाले. त्यात पुरातत्त्वज्ञांबरोबर भूविज्ञान, वनस्पतिविज्ञान, वास्तुशास्त्र इ. विषयांचे तज्ञही सहभागी झाले. या सहकार्यातूनच १९४८ मध्ये जपानी पुरातत्त्व संघटना स्थापन झाली.

उत्खननात १२ घरे, २ धान्यकोठारे व विस्तीर्ण भातखाचरे यांचे अवशेष उपलब्ध झाले. जमीन पाणथळ असल्याने लाकूड कुजले नव्हते. खाचरांचे बांध फळ्या व खुंट्या ठोकून पक्के केलेले होते. कुदळी, फावडी, मागाचे भाग, तसेच चिखलात पाय रुतू नयेत म्हणून वापरावयाच्या रुंद लाकडी पादुकाही मिळाल्या. भूजल उथळ असल्याने घरे खोल खड्ड्यात न बांधता त्यांच्याभोवती मातीचा वरंबा घालीत. कोठारे खांबांवर उभारलेली असून उंदीर वर चढू नयेत म्हणून खांबांच्या माथ्यावर आडव्या फळ्या बसवीत.

युद्धपूर्व शालेय पाठ्यपुस्तकांत जपानचा इतिहास देवदेवतांच्या वंशकथेपासून सुरू होई. १९४६ च्या नव्या पाठ्यपुस्तकात तिची जागा पुरातत्त्वीय पुराव्याने घेतली. पराभवाने खचलेल्या जनतेला राष्ट्राच्या प्रारंभी सामान्य शेतकऱ्याचे श्रम होते, याचे प्रत्यक्ष दर्शन तोरोने घडविले. या स्थळाचे खरे महत्त्व यातच आहे.

आज प्रेक्षकांना दिसणारी घरे व कोठारे मूळची नसून पुनर्रचित आहेत. जमिनीखाली प्रामुख्याने खांब, फळ्या व चूल यांच्या खुणा टिकल्या होत्या. छपराचा आकार अनुमानाने ठरवावा लागला. वास्तुतज्ञ सेकिनो मासारू यांनी त्यासाठी अठराव्या शतकातील लोहभट्टीविषयक ग्रंथात वर्णिलेल्या इमारतीचा आधार घेतला. म्हणून या वास्तूंकडे प्राचीन गावाची प्रतिकृती म्हणून न पाहता उपलब्ध पुराव्याचा एक तर्कसंगत अर्थ म्हणून पाहणे उचित ठरते.

तोरोला १९५२ मध्ये विशेष ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९९९–२००३ दरम्यान फेरउत्खनन झाले व त्यानंतर परिसराची नव्याने मांडणी करण्यात आली. येथील वस्तू लगतच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत.